ओसाका : खादाडांच्या गावात शाकाहारी आईबरोबर नऊ दिवस

भटकी_भाकरी
नोव्हेंबर २०२५ मध्ये आईला घेऊन ओसाकाला जाऊन आले. आई ६८ वर्षांची, एक गुडघा चांगला आणि एक 'आहे तसा आहे', अंडंसुद्धा न खाणारी. तिकिटं काढल्याचं ज्याला सांगितलं त्याचा एकच प्रश्न: "ओसाकात काय आहे?" सहलवाल्यांच्या पत्रिकेत ओसाका म्हणजे अर्धा दिवस. किल्ला पाहा, दोतोनबोरीच्या पुलावर एक पाय वर करून फोटो काढा, चला बसमध्ये. आम्ही नऊ दिवस तिथेच राहिलो. क्योतोला एकदाच गेलो, आणि गर्दी बघून आईच म्हणाली, "चल गं आपल्या गावाला."

आपलं गाव! तिसऱ्या दिवशी.

जपानीत एक म्हण आहे: क्योतोचा माणूस कपड्यांपायी भिकेला लागतो, ओसाकाचा खाण्यापायी. त्यावरून 'कुइदाओरे' हा शब्द तिथे पावलोपावली दिसतो, खाऊन खाऊन दिवाळं काढणं अशा अर्थाचा. याला इतिहास आहे. तोकुगावा घराण्याच्या राजवटीत (यालाच एदो काळ म्हणतात) देशभरचा तांदूळ ओसाकाच्या वखारींत येई, म्हणून या शहराला 'देशाचं स्वयंपाकघर' म्हणत. दोजिमाच्या तांदूळबाजारात १७३० पासून पुढच्या हंगामाच्या भावाचे सौदे अधिकृतपणे होत. वायदेबाजाराची जगातली पहिली पेठ म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे टोकियो सरदारांचं, क्योतो दरबाराचं आणि ओसाका शेटजींचं. हे मी वाचून गेले होते, पण रस्त्यावर उतरल्यावर पटलं. लोक मोठ्यानं बोलतात, दुकानदार हाका मारतात, सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडणारेही पाहिले (टोकियोत असं पाहिल्याचं आठवत नाही). सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, इथे उजवीकडे. आई पहिल्या दिवशी डावीकडे उभी राहिली आणि मागे रांग साचली.

आता मुद्द्याचं. खाणं.

पहिल्या संध्याकाळी हॉटेलजवळच्या गल्लीत एक लहानसं उदोनचं दुकान दिसलं. सात-आठ खुर्च्या, काउंटरमागे एक आजोबा. 'कित्सुने उदोन' मागवलं. जाड शेवया, पारदर्शक रस्सा, वर गोडसर तळलेल्या तोफूचा तुकडा. हा प्रकार ओसाकाचाच. बघायला शंभर टक्के शाकाहारी. आईनं वाडगा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "यात सुकट आहे."

सुकट नव्हती, पण आईचं नाक खोटं बोलत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी', ते पाणी. कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक करतात, रंध्यानं तासतात आणि तो भुसा पाण्यात उकळतात. तो वाळवलेला मासा म्हणजे कात्सुओबुशी. सोबत कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ. उदोनचा रस्सा, मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, इनारी सुशीतला तोफू, भाताबरोबरचं पालक, सगळीकडे हे पाणी. म्हणजे ताटात मासा दिसत नाही, पण असतोच. आपल्याकडे कोणी 'भाजीत मीठ आहे' असं वेगळं सांगत नाही, तसं तिथे कोणी 'यात मासा आहे' असं सांगत नाही. फसवणूक नसते, त्यांच्या लेखी तो मासा नसतोच, ती चव असते.

मी फोनवरचा कागद पुढे केला. निकु, साकाना, तामागो, कात्सुओ दाशी ताबेरारेमासेन. मांस, मासा, अंडं, माशाचं पाणी चालत नाही. आजोबांनी तो वाचला, कपाळाला हात लावला, आमच्याकडे असं बघितलं की आम्ही ओसाकात पोहायला आलोय आणि पाण्याची ॲलर्जी आहे. मग आत गेले. पाच मिनिटांनी पांढरा भात, थंडगार तोफूवर नुसतं किसलेलं आलं आणि पात, मुळ्याचं लोणचं, वर सोया सॉसची बाटली. आणि माझ्यासमोर आईचाही उदोनचा वाडगा सरकवून म्हणाले ते मला कळलं नाही, पण भाव असा की टाकायचं नाही. दोन वाडगे उदोन खाल्लं मी. तो रस्सा काय होता हो! आईसमोर कौतुकही करता येईना.

त्या रात्री आमचं धोरण ठरलं. मी खाणार, आई बघणार, आणि आईचं पोट वेगळ्या मार्गानं भरणार. तो मार्ग असा: सकाळी खोलीवर आमचे दशम्या-चटणी-मेतकूट. दुपारी भाजलेलं रताळं (सुपरमार्केटच्या दारातच गरम मिळतं, मधासारखा गोड गर), फळं, दाइफुकु (आत गोड पुरण भरलेला तांदळाचा लाडू), एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा). कोन्बिनीतला (म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला) नुसत्या मिठाचा भाताचा त्रिकोण, पण तोही पाकिटावरची यादी भाषांतराच्या ॲपनं वाचूनच, कारण भातातही दाशी घालतात. रात्री दोनदा भारतीय जेवण, एकदा पूर्ण व्हीगन ठिकाण. आई म्हणते तिनं पंढरीच्या वारीत याहून कमी खाल्लंय, तेव्हा कोणी हळहळू नये.

आणि बघण्याची मजा मात्र तिनं माझ्याहून जास्त लुटली. शिन्सेकाई नावाच्या जुन्या वस्तीत कुशिकात्सुच्या दुकानाबाहेर ती वीस मिनिटं उभी होती. काडीला खोवलेलं मांस, मासा, कमळकाकडी, कांदा, लाल आलं, काहीही, पिठात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. पूर्वी सगळ्यांना मिळून सॉसचं एकच भांडं असे, म्हणून भिंतीवर मोठी पाटी: एकदाच बुडवा, उष्टी काडी पुन्हा नाही. मी अर्थ सांगितला तशी आई खूष. "म्हणजे उष्टं-खरकटं कळतं यांना." (आता बऱ्याच ठिकाणी भांड्याऐवजी बाटली ठेवतात.) कमळकाकडी तिला द्यावी असं मनात आलं होतं, पण पिठात अंडं आणि कढईत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी. नाद सोडला.

शिन्सेकाईतच त्सुतेनकाकु मनोरा. पहिला १९१२ चा, युद्धात गेला. आताचा १९५६ चा. खालची वस्ती थोडी कळकट, थोडी भडक. बुद्धिबळासारखा शोगी खेळत बसलेले म्हातारे, दुपारी चारला बिअर, प्लास्टिकचे प्रचंड मासे टांगलेले. मला सर्वांत आवडलेला भाग हाच. दोतोनबोरीपेक्षा कितीतरी. दोतोनबोरीचा कालवा १६१५ चा आणि ग्लिको या खाऊवाल्या कंपनीच्या जाहिरातीतला, एक पाय वर केलेला धावपटू १९३५ पासून तिथे आहे (आताचा सहावा, एलईडीचा), पण रात्री आठला तिथे आपण फक्त ढकलले जातो. पाहायचं तर सकाळी सातला जा. पाट्या बंद, पाणी शांत, दुकानदार फुटपाथ घासताहेत.

फोटो निवडायचे आहेत. बाकी प्रश्न विचारा, सुचेल तसं लिहीन.

चिंगुताई
वाचतेय! "पाण्याची ॲलर्जी"ला फुटले. पुढचं टाका लवकर. आणि फोटोशिवाय धागा फाउल धरला जाईल.

कुपा_आणि_कोकम
ताई, तुमच्या आईंना साष्टांग नमस्कार, पण हा धागा वाचून माझ्यासारख्या मालवण्याच्या पोटात गोळा आला. ओसाकाच्या कुरोमोन मासळीबाजारात जाऊन नुसतं बघायचं? मी २०१८ ला ऑफिसच्या कामानं गेलो होतो, तेव्हा सकाळचा नाश्ता रोज तिथेच. आता म्हणे तो बाजार पर्यटकांचाच झालाय आणि एकेका काडीचे भाव ऐकून घाम फुटतो. स्थानिक मित्र मला किझुच्या बाजारात घेऊन गेला होता, नाम्बापासून चालत जाता येतं. पहाटे जा, दहाच्या आत आटपतं.

एक खास गोष्ट सांगतो. ओसाकात उन्हाळ्यात 'हामो'चं वेड असतं. जुलैच्या २४-२५ ला तेन्जिन उत्सव, नदीत होड्यांची मिरवणूक, त्या दिवसांत हामो हवाच. हामो म्हणजे आपली वाम हो! वामीचे काटे माहीतच आहेत तुम्हांला, आमच्याकडे म्हणून अर्धे लोक तिच्या वाटेला जात नाहीत. तिथला आचारी कातडी शाबूत ठेवून साधारण तीन सेंटीमीटरात चोवीस-पंचवीस चिरा देतो, काटे बारीक तुटतात, आणि गरम पाण्यात टाकलं की मांस फुलासारखं उमलतं. सुरीचा आवाज 'झर झर झर' असा. गावी येऊन आईच्या विळीवर प्रयोग केला. त्याचं पुढे काय झालं ते विचारू नका.

आजीचा_बटवा
काय हो कुकोकम, शाकाहारी धाग्यात येऊन वामीची पाककृती! :ड

मुद्देसूद
एक प्रामाणिक प्रश्न, राग नसावा. जिथे पाण्यातसुद्धा मासा आहे तिथे इतक्या काटेकोर शाकाहारी माणसाला नऊ दिवस न्यायचा अट्टहास का? रताळी खायला ओसाका कशाला? त्या पैशात युरोप झालं असतं.

भटकी_भाकरी
@मुद्देसूद, राग नाही. हा प्रश्न आमच्या काकांनी विमानतळावरसुद्धा विचारला. आईचं उत्तर देते: "देवळात गेलं की प्रसाद मिळालाच पाहिजे असं थोडंच आहे." आता माझं उत्तर. खाण्याचं शहर म्हणजे फक्त जिभेचं शहर नव्हे. तेन्जिनबाशिसुजी नावाची छत घातलेली बाजारपेठ आहे, २.६ किलोमीटर सलग. आम्ही तिथे एक अख्खा दिवस घालवला. चहाची पानं भाजण्याचा वास, लोणच्याची पिंपं, चष्म्याचं दुकान, त्याला लागून क्रोकेत तळणारी बाई, पुढे सुऱ्यांना धार लावणारा, शाळेतून सुटलेली पोरं, सायकलच्या पुढच्या टोपलीत कांद्याची पात घालून भरधाव जाणाऱ्या आज्या. आई भाजीवाल्यापाशी थांबून मुळे बघत होती. मांडीएवढे मुळे. तिथल्या एका बाईनं हातवाऱ्यांनी विचारलं, कसा करता? आईनं हातवाऱ्यांनीच किसून, दही घालून, फोडणी देऊन दाखवली. फोडणीचा 'चर्रर्र' तोंडानं केला. ती बाई इतकी हसली की आतून नवऱ्याला बोलावून आईला पुन्हा 'चर्रर्र' करायला लावलं.

शेवटाकडे, सहाव्या चोमेला (चोमे म्हणजे पेठेचा टप्पा), एका इमारतीच्या आठव्या मजल्यापासून घरांचं संग्रहालय आहे. एदो काळातली ओसाकाची अख्खी गल्ली आत बांधलीय, उजेड दिवसाचा रात्रीचा बदलत राहतो. औषधाचं दुकान, न्हाणीघर, विहीर. किल्ल्यापेक्षा शंभर पटीनं आवडलं.

गडवाट
आता किल्ल्याचा विषय निघालाच आहे तर. ओसाकाचा किल्ला पाहून माझी घोर निराशा झाली होती. बाहेरून काय रुबाब, आणि आत? सिमेंट, लिफ्ट आणि भेटवस्तूंचं दुकान! तोकुगावांच्या आधीचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं १५८३ ला बांधायला घेतलेला किल्ला म्हणून गेलो आणि १९३१ ची इमारत बघून आलो. आपल्या राजगडावर एक दगड उरला असला तरी तो खरा असतो.

भटकी_भाकरी
गडवाट, गडगुडघा असलेल्या आईच्या वतीनं लिफ्टबद्दल आभार मानते. पण तुमचं अर्धंच बरोबर. एक, ती १९३१ ची इमारत लोकवर्गणीतून झाली. महापौरांनी आवाहन केलं आणि शहरानं १५ लाख येन जमवले, त्या काळचे. शेटजींच्या गावाला शोभेलसं. जवळजवळ शंभर वर्षांची होत आली, महायुद्धाच्या बॉम्बफेकीतून तगली, आता तीही खोटी कशी म्हणायची? दोन, खरा जीव तटात आहे. पण तो हिदेयोशीचा नाही. १६१५ ला तोकुगावांनी किल्ला पाडला, हिदेयोशीचे चौथरे मातीखाली गाडले आणि वर आपले नवे, आणखी मोठे तट उभारले. साकुरा दरवाज्याच्या आत 'ताको-इशी' नावाचा एकच दगड अंदाजे १०८ टनांचा आहे, ओकायामाकडच्या बेटावरून समुद्रमार्गे आणलेला. वर गेलाच नाहीत तरी त्या दगडापाशी उभं राहा. आणि गाडलेला हिदेयोशीचा तट खणून २०२५ च्या एप्रिलपासून लोकांना दाखवताहेत, त्याच तिकिटात. तिकीट मात्र तेव्हापासून ६०० चं १२०० येन झालंय.

गडवाट
ताको-इशी मी पाहिला, पण त्याच्यासमोर उभा राहून सेल्फी काढणाऱ्यांमुळे दगड कमी आणि टोप्या जास्त दिसल्या. गाडलेल्या तटाचं माहीत नव्हतं. एवढ्यासाठी पुन्हा जावं लागणार. नोंद केली.

कोबेकर
धागा उशिरा पाहिला. आम्ही गेली बारा वर्षं कोबेत, ओसाका म्हणजे गाडीनं अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे थोडी भर.

पहिली दुरुस्ती, जी कोणी अजून बोललं नाही पण बोलणार हे ठरलेलं: "ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचे आप्पे." साचा बघून प्रत्येक मराठी माणूस हे म्हणतोच, मीही म्हणालो. पण कृती अगदी उलटी. आपलं आप्प्याचं पीठ घट्ट, खळग्यापुरतं घालतो, झाकतो, एकदा उलटतो. ताकोयाकीचं पीठ ताकासारखं पातळ, त्यात दाशी आणि अंडं. ते खळगे बुडून वर तळं साचेपर्यंत ओततात. मग ऑक्टोपस, तळलेल्या पिठाची कणी, लाल आलं, पात. थोडं धरलं की दाभणासारख्या सळईनं चौकोन पाडतात, बाहेर पसरलेला भाग खळग्यात कोंबतात आणि पाव वळसा फिरवतात. पुन्हा कोंबतात, पुन्हा फिरवतात. त्यातून गोळा तयार होतो. आत मात्र पिठलंच राहतं, उकळतं. पहिला अख्खा तोंडात टाकणाऱ्याची जीभ दोन दिवस कामातून जाते.

हा प्रकार फार जुना नाही. ऐझुया नावाच्या दुकानानं १९३५ ला सुरू केला. त्याआधी ते त्यात गोमांस घालत. आमच्या बाजूच्या आकाशी गावात पिठात ऑक्टोपस घालतात हे गिऱ्हाइकाकडून कळलं म्हणून बदल केला, असं सांगतात. ऐझुयाचे गोळे आजही सॉसशिवायच मिळतात.

दुसरं, तुमच्या आईंसाठी. पुढच्या वेळी कोबेला या. इथल्या कितानो भागात जैन मंदिर आहे, १९८५ चं, मोत्यांच्या व्यापाऱ्यांमुळे इथे जैन कुटुंबं पूर्वीपासून आहेत. त्यामुळे कांदा-लसणाशिवायचं जेवणसुद्धा विचारून मिळू शकतं.

तिसरं, आणि हे खास. दोतोनबोरीजवळच्या होझेनजी देवळात गेला होतात का?

भटकी_भाकरी
गेलो होतो ना! दोतोनबोरीच्या गोंगाटातून एक गल्ली आत वळलो आणि एकदम फरसबंद बोळ, कागदी कंदील, उदबत्तीचा वास. समोर मूर्ती, पण मूर्ती दिसतच नाही, अंगभर हिरवंगार शेवाळ. प्रत्येक जण येतो, ओगराळ्यानं पाणी घेतो आणि अंगावर ओततो. आईला काही सांगावं लागलं नाही. पर्स माझ्याकडे दिली, अभिषेक केला, अथर्वशीर्ष पुटपुटली. मागची तरुण मुलगी शांतपणे थांबून होती. मी नंतर वाचलं की ते फुदो म्योओ, म्हणजे आपल्या संस्कृतातले अचलनाथ. न हलणारा. त्याच्यापुढे गणपतीचं अथर्वशीर्ष झालं खरं, पण काय करणार.

कोबेकर
अहो, तेच सांगायला आलो होतो! गणपती आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. नाम्बाहून किन्तेत्सुच्या गाडीनं वीस मिनिटांवर इकोमा. तिथून केबल कार, १९१८ ची, जपानमधली पहिली. आताचे डबे कुत्र्या-मांजराच्या तोंडाचे आहेत, त्यामुळे तीर्थयात्रेला निघाल्यासारखं अजिबात वाटत नाही. वर होझानजी देऊळ, १६७८ ला तान्काई नावाच्या भिक्षूनं वसवलेलं. मुख्य देव तुमचे तेच फुदो म्योओ आणि शेजारी कांगितेन, म्हणजे विनायक. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे आलेला. ओसाकाच्या व्यापाऱ्यांचा हा लाडका देव, धंद्यात बरकत देणारा. गाभाऱ्यातली मूर्ती कोणाला दाखवत नाहीत. खूण काय, तर एकमेकांवर टेकलेले दोन मुळे आणि पैशांची थैली. मुळा त्याला वाहतात.

आणि मोदकसुद्धा. क्योतोत गिओनजवळ कामेया कियोनागा म्हणून १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे. त्यांचा 'सेइजो कांकिदान' हा थैलीच्या आकाराचा, वर चुण्या एकत्र बांधलेला, आत गोड पुरण आणि मसाले, तिळाच्या तेलात तळलेला. चव आपल्या तळणीच्या मोदकाहून वेगळी, चंदन-दालचिनीसारखा देवघराचा वास येतो. पण आकार बघितला की हात जोडले जातात.

भटकी_भाकरी
मुळा!! आई आत्ता शेजारी बसून ऐकतेय. म्हणाली, "म्हणजे मी बाजारात उगीच नाही थांबले मुळ्यांपाशी." आता हे कुटुंबात दहा वर्षं ऐकायला मिळणार. कोबेकर, तुम्ही नोव्हेंबरच्या आधी का नाही भेटलात?

आजीचा_बटवा
क्योतोला एकदा गेलात आणि मोदक न खाता परत आलात. :(

निळी_छत्री
ओसाकाहून एक दिवस काढून कोयासान करावं असं मी सुचवेन, आणि तुमच्या आईंसारख्यांनी तर आधी तेच करावं. नाम्बाहून नानकाई कोया मार्गानं गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. ८१६ साली कुकाई या बौद्ध भिक्षूनं वसवलेलं मठांचं गाव, उंची साधारण ८०० मीटर, नोव्हेंबरात कडाक्याची थंडी. रात्री मठात राहता येतं. जेवण 'शोजिन र्‍योरी', भिक्षूंचं, पूर्ण शाकाहारी, दाशीसुद्धा कोम्बु आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. गोठवून वाळवलेला तोफू, तिळाचा तोफू, भाज्यांचा तेम्पुरा. जपानी जेवण म्हणून जे तुमच्या आईंना ओसाकात चाखता आलं नाही ते तिथे निर्धास्त चाखता येतं. पहाटे प्रार्थनेला बसा, मग ओकुनोइनचं स्मशान, दोन किलोमीटर, उंच सूचिपर्णी झाडीतून दोन लाखांवर समाध्या.

मी गेलो ते मात्र दुसऱ्या कारणानं. कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. वाकायामा प्रांताशी महाराष्ट्र सरकारनं २०१३ ला करार केला, आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं. फारसं कोणी नव्हतं. पाऊस पडत होता. मी छत्री मिटून पाच मिनिटं उभा राहिलो, निळ्या कोटातला एक विद्यार्थी जाता जाता वाकून नमस्कार करून गेला. कोणाला, मला की पुतळ्याला, ते कळलं नाही.

चिंगुताई
निळी_छत्री, छान लिहिलंत. जय भीम.

पाटपाणी
मार्चमध्ये जायचं घाटतंय, पाच दिवस. पटकन: १) विमानतळावरून कसं? २) रोख किती? ३) भाषा? ४) शाकाहारी आहोत पण दाशी चालवून घेऊ. ५) कचऱ्याचे डबे खरंच नसतात?

भटकी_भाकरी
१) कान्साई विमानतळावरून नानकाईची रापित गाडी, चाळीस मिनिटांत नाम्बा. हॉटेल नाम्बा-निप्पोनबाशीकडे घ्या. २) इकोका कार्ड काढा, रेल्वे आणि कोन्बिनी दोन्हीकडे चालतं. छोटी दुकानं अजून रोखच घेतात. आम्ही गेलो तेव्हा शंभर येन म्हणजे साठ रुपयांच्या आतबाहेर. ३) ॲप आणि आईसारखी फोडणी. ४) दाशी चालत असेल तर जग जिंकलंत! कित्सुने उदोन खा, थंडीत ओदेनमधला (दाशीत मंद शिजवलेल्या पदार्थांमधला) मुळा खा, आणि ओकोनोमियाकी डुकराच्या मांसाशिवाय मागा. कोबी, पीठ, किसलेला कंद आणि अंडं, आपल्या धिरड्याचा लठ्ठ भाऊ. वर नाचणारा भुसा नको असेल तर आधीच सांगा. ५) नसतात. पिशवी बाळगा. आईच्या पर्समधून रोज रात्री रताळ्याच्या साली निघायच्या.

पुणेरी_पगार
कोणी ओकायामाचं नाव काढलं का? ताको-इशीच्या निमित्तानं निघालंय तर सांगतो. शिन-ओसाकाहून शिन्कान्सेननं (बुलेट ट्रेननं) पाऊण तास. तिथली कोराकुएन बाग १७०० साली पूर्ण झाली, आणि तिच्याच धर्तीवर आपलं सिंहगड रस्त्यावरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान. मी मूळ बागेत उभा राहून बायकोला म्हणालो, "अगं, ही तर आपल्याकडच्यासारखीच आहे." बायको म्हणाली, "फक्त इथे हिरवळीवर जाऊ नका म्हणून कोणी शिट्टी मारत नाहीये."

मुद्देसूद
आधीच्या प्रतिसादाबद्दल माघार. मुळा-फोडणीनंतर युरोपचा मुद्दा मागे घेतो. पण खरेदी काय केली ते लिहिलंच नाही. आई आणि खरेदी नाही, हे पटत नाही.

भटकी_भाकरी
:) लिहिते. पण आधी आणखी एक. आम्ही हानकाईच्या ट्राममध्ये होतो, ओसाकातली उरलेली शेवटची ट्राम, तेन्नोजीहून सुमियोशीच्या देवळाकडे चाललेलो. एकाच डब्याची, घरांच्या परसातून खडखडत जाणारी. समोर बिबट्याच्या ठिपक्यांचा ब्लाउज घातलेली सत्तरीची बाई. ओसाकाच्या मावश्यांची ही ओळखच आहे, ठिपके आणि पर्समध्ये गोळ्या. तिनं पर्स उघडली, "आमे-चान" म्हणत आईच्या हातावर लिमलेटसारखी गोळी ठेवली. आमे म्हणजे गोळी, आणि चान आपण 'बाळ' लावतो तसं. गोळीबाळ. आईनंही पर्स उघडली आणि तिच्या हातावर आवळा सुपारी ठेवली. मावशीनं तोंडात टाकली. चेहऱ्यावरून तीन ऋतू गेले. मग दोघी इतक्या हसल्या की ट्रामवाल्यानं आरशात बघितलं.

आता खरेदी. नाम्बाजवळ दोगुयासुजी नावाची गल्ली आहे, फक्त स्वयंपाकाच्या सामानाची. हॉटेलवाले तिथून घेतात. ओतीव लोखंडाचे ताकोयाकीचे साचे, दारावरचे कापडी पडदे, प्लास्टिकची जेवणं, आणि सुऱ्या. शेजारच्या साकाई गावात सुऱ्यांचा धंदा कैक शतकांचा. आईनं साचे उचलून बघितले, "माझं बिडाचं जास्त जड आहे" म्हणून ठेवून दिले. पण सुरीपाशी अडली. तासभर. भाज्या चिरायची, चौकोनी पात्याची नाकिरी घेतली. विकत घेतल्यावर दुकानदारानं विचारलं, नाव घालायचं का? तिथे पात्यावर छिन्नीनं नाव कोरून देतात, फुकट.

आईला केवढा आनंद झाला! भांड्यावर नाव घालणारा माणूस ओसाकात भेटला तिला. "तारीखही घालतील का विचार."

कुपा_आणि_कोकम
मग काय नाव घातलं?

भटकी_भाकरी
माझं. कागदावर मी काताकाना या जपानी लिपीत लिहून दिलं तिचं, तर तिनं खोडायला लावलं. म्हणाली, "शेवटी तुझ्याकडेच येणार आहे ती. पुन्हा कुठे नाव बदलत बसतेस."

गडवाट
सुरी हातातल्या बॅगेत नव्हती ना ठेवली?

भटकी_भाकरी
नाही हो, चेक-इनमध्ये, दोन साड्यांच्या घडीत. हातातल्या बॅगेत फक्त मुळ्याचं लोणचं होतं, आणि ते मुंबईत उघडल्यावर कळलं की त्यातही दाशी आहे. आता ते मी खातेय.